रॉड टाकला म्हणजे तीन महिने खाट नव्हे

ठाण्यात घोडबंदर रोडवर दुचाकी घसरून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, की भेटायला आलेले हमखास सांगतात, "तीन महिने पाय हलवू नका, रॉड सरकेल." कृपा करून हे ऐकू नका. हाडाच्या पोकळीतला रॉड वर-खाली स्क्रूने जखडलेला असतो. तो बसवतातच मुळी माणसाला लवकर उठवता यावं म्हणून. अनेकांना एक-दोन दिवसांतच वॉकर धरून उभं करतात. नुसतं पडून राहिलं तर गुडघा आखडतो, मांडी वाळते, शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली, तर लगेच हॉस्पिटल गाठा. पायावर भार किती द्यायचा, ते मात्र सर्जनच ठरवतील. सांध्यापर्यंत गेलेल्या फ्रॅक्चरला बहुधा काही आठवडे थांबावं लागतं. आणि तंबाखू-सिगारेट बंद, त्याने हाड जुळायला उशीर होतो.