ट्रॉफी कुणाची: प्रशिक्षकाची, पैशाची की नशिबाची?

इंदूरच्या लोकमान्य नगरात किंवा रामबागेत फुटबॉल बघणारी मंडळी जमली की एका प्रश्नावर हमखास अडतात. फुटबॉल प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला खरंच एवढा मोठा, की बार्सिलोनात मेस्सी मिळाला आणि मँचेस्टर सिटीत पैसा, म्हणून मोठा? हा वाद केवळ आवडीनिवडीचा नाही. संख्याशास्त्राला त्यात सांगण्यासारखं बरंच आहे.

आधी पैसा. अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांचे बऱ्याच वर्षांचे हिशेब तपासले. क्लबांच्या सरासरी क्रमांकातला सुमारे ९० टक्के फरक खेळाडूंच्या पगारावरच्या खर्चातून उलगडतो, असं त्यांना दिसलं. मात्र चांगल्या प्रशिक्षकामुळे क्लब जिंकतो, जिंकल्यामुळे कमावतो आणि मग जास्त पगार देतो, हेही खरं. म्हणून प्रशिक्षकाचं श्रेय फक्त उरलेले १० टक्के, असा हिशेब मांडू नये.

मग नशीब. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. समजा, एका संघाची सामन्यामागे सरासरी १.६ गोलांची कुवत आहे आणि समोरच्याची १. विरळ घटनांची शक्यता काढणाऱ्या प्वासाँच्या सूत्राने गणित केलं तर बलवान संघ निम्मे सामने जिंकतो, पाव बरोबरीत सुटतात आणि जवळपास पाव सामने तो चक्क हरतो! खेळ चांगला असूनही चार-पाच सामने ओळीने वाईट जाऊ शकतात. नेमकी तेव्हाच प्रशिक्षकाची हकालपट्टी होते, नवा माणूस येतो, संघ सावरतो आणि नव्याचा जयजयकार होतो. डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी नेदरलँड्सच्या लीगमध्ये अशा क्लबांची तुलना, तितकीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदलणाऱ्या क्लबांशी केली. सावरले दोघंही, साधारण सारखेच. टोकाच्या निकालानंतरचा निकाल सरासरीकडे झुकतो, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवरून दाखवलं होतं.

लेस्टर सिटी हे याचं ठळक उदाहरण. २०१५-१६ मध्ये क्लाउडिओ रानिएरींच्या या संघाने सट्टेबाजांचा ५,००० ला १ असा भाव असताना प्रीमियर लीग जिंकली. पुढच्याच मोसमात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, संघ तळाजवळ घसरलेला असताना रानिएरींना काढलं. ते एका वर्षात हुशार आणि दुसऱ्या वर्षात बिनकामाचे झाले, हे मला पटत नाही.

म्हणून विश्लेषक आता गोलांऐवजी संधी मोजतात. प्रत्येक फटक्याचं अंतर, कोन वगैरे पाहून तो गोल होण्याची शक्यता काढतात. पेनल्टीची येते तब्बल पाऊण हिश्श्याच्या, म्हणजे ७५ टक्क्यांच्या आसपास. २०१४-१५ मध्ये युर्गन क्लॉपचा जर्मन क्लब डॉर्टमुंड मोसमाच्या मध्यावर १८ संघांत सतरावा होता. संधी मोजल्या तर संघ त्या क्रमांकापेक्षा बराच चांगला खेळत होता. शेवटी तो सातवा आला. २०१५ मध्येच लिव्हरपूलने क्लॉपला घेतलं आणि २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली.

प्रशिक्षकामुळे फरक पडतो याचा मला सर्वात भरवशाचा वाटतो तो पुरावा वेगळ्याच खेळातला, क्रिकेटमधला, पण आपल्या गावाला जवळचा आहे. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली विदर्भ पहिल्यांदाच रणजी विजेता झाला तो इंदूरच्याच होळकर स्टेडियमवर, १ जानेवारी २०१८ ला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. मग २०२२ मध्ये मध्य प्रदेशने त्यांच्याच मार्गदर्शनात मुंबईला हरवून पहिली रणजी मिळवली. चार-पाच दिवसांच्या सामन्यात शेकडो षटकं पडतात, त्यामुळे नशिबाला वाव कमी. त्यात दोन वेगवेगळे संघ, आणि आधी कधीच न जिंकलेले.

ग्वार्डिओलाने स्पेन, जर्मनी आणि इंग्लंड अशा तीन देशांत लीग जिंकल्या. हे निव्वळ नशिबाने होत नाही. पण तिन्हीकडे क्लब बलाढ्यच होते. माझ्या मते तो मोठा आहेच, फक्त त्याच्या ट्रॉफ्यांची संख्या त्याचं मोठेपण जरा फुगवून दाखवते.