म्हातारी वानरी बाजूला का बसते?

सोलापूरकडच्या गावांत मारुतीच्या देवळाजवळ वानरांची टोळी उतरली, की पिल्लं शेपट्यांना लोंबकळतात, तरण्या माद्या एकमेकींच्या अंगातल्या उवा वेचत बसतात आणि एखादी म्हातारी जरा लांब, पाठ फिरवून बसलेली असते. टोळीनं तिला टाकलं, असं आपण म्हणून मोकळे होतो.

वानरांचा हा संसार नीट पाहिला गेला तो आपल्या शेजारी, विजापूरच्या पलीकडं धारवाडला. जपानचे संशोधक युकिमारू सुगियामा १९६१ पासून तिथं टोळ्यांच्या मागं फिरले. त्यांच्या कामात गाजला तो टोळी बळकावणारा नवा नर, म्हणजे हुप्प्या, आणि त्यानं मारलेली पिल्लं. म्हाताऱ्यांकडं लक्ष दिलं ते सत्तरच्या दशकात अबूच्या डोंगरावर अमेरिकन संशोधक सारा हर्डी यांनी. वय वाढतं तसा वानरीचा टोळीतला मान उतरतो, हे त्यांनी नोंदवलं. पण हुप्प्या पिल्लावर झडपला, की त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्यांत याच म्हाताऱ्या असत. मला ही नोंद फार मोलाची वाटते. टाकलेली म्हातारी दुसरीच्या पिल्लासाठी जीव धोक्यात कशाला घालेल?

तरी एक प्रश्न उरलाच. आज एकटी दिसणारी तरुणपणीही एकलकोंडीच असेल तर? त्यासाठी तेच जनावर वर्षानुवर्षं ओळखीचं हवं. ती सोय एका बेटावर होती. १९३८ मध्ये अमेरिकन संशोधक क्लॅरेन्स कारपेंटर यांनी भारतातून चारशेवर ऱ्हीसस, म्हणजे लाल तोंडाची माकडं जहाजानं नेऊन कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोजवळच्या कायो सान्तियागोवर सोडली. त्यांचा वंश अजून तिथं नांदतो आणि जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाची नोंद होते.

या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रत्येक मादीची तुलना तिच्याच आधीच्या वर्षांशी केली गेली. वय वाढतं तशी ती मोजक्यांकडंच जाते: नात्यातल्या आणि जुन्या, घट्ट सोबतिणींकडं. इतर माकडं मात्र तिच्याकडं पूर्वीसारखीच येत राहतात. म्हणजे टोळी तिला टाळत नाही, माणसं तीच निवडते. फ्रान्समध्ये ठेवलेल्या बार्बरी या आफ्रिकी जातीच्या माकडांवरचा २०१६ चा अभ्यासही याच दिशेचा होता: म्हाताऱ्यांना नव्या वस्तूंचं अप्रूप उरत नाही, कळपात काय चाललंय याचं मात्र उरतं.

माणसाच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी याचं कारण मांडलं होतं, की उरलेले दिवस थोडे आहेत याची जाणीव झाली की माणूस जिवाभावाच्यांनाच धरून राहतो. माकडांना असा हिशोब असल्याचा पुरावा नाही, तरी ती तसंच वागतात. त्यामुळं आता साधी कारणं तपासली जातायत: थकल्या अंगाला भांडणं झेपत नाहीत, आणि संपर्क कमी तसा रोग लागण्याचा धोकाही कमी.