येलोस्टोनमधली कंपनी आणि ताडोबाबाहेरचं रिसॉर्ट

उन्हाळ्यात निम्मं कोथरूड ताडोबाला असतं आणि उरलेलं मुलांकडे अमेरिकेत. जूनमध्ये दोन्ही गट परत आले की एकच वाक्य ऐकू येतं, 'तिथे राहण्याची सगळी सोय खाजगी आहे हो.' मग अमेरिकावाले सांगतात की तिकडे नॅशनल पार्क कंपन्यांना देऊन टाकलीत, म्हणूनच एवढी टापटीप. ताडोबावाले म्हणतात, आपलं जंगल रिसॉर्टवाल्यांनी केव्हाच घशात घातलंय. दोघंही चुकतात, आणि अगदी एकाच जागी चुकतात.

ताडोबाचं फार सांगत बसत नाही, मोहर्ली-कोलारा ही प्रवेशाची गेटं तुम्हाला पाठ असतील. मंगळवारी बंद, एका जिप्सीत सहा जण, ओळखपत्र मूळ लागतं. इतकंच लक्षात ठेवा की ज्या रिसॉर्टच्या जाहिरातीत 'जंगलाच्या कुशीत' असं लिहिलेलं असतं ते कोअरच्या, म्हणजे कडक संरक्षण असलेल्या गाभ्याच्या, गेटबाहेर, बहुधा बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, एखाद्या गावाला लागून, मालकाच्या स्वतःच्या जमिनीवर उभं असतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानाच्या आत व्यावसायिक हॉटेल बांधायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी लागते. त्यामुळे सगळी गर्दी गेटच्या तोंडाशी.

आता अमेरिकेतलं येलोस्टोन राष्ट्रीय उद्यान. तिथलं ओल्ड फेथफुल इन हे लाकडी हॉटेल 1904 साली एका खाजगी कंपनीनेच बांधलं आणि ते उद्यानाच्या ऐन गाभ्यात आहे. पुढे 1979 मध्ये अमेरिकी सरकारने जुन्या कंपनीकडून तिथली हॉटेलं विकत घेतली. आज तिथे खोली घ्यायची तर बुकिंग झँटेरा नावाच्या कंपनीकडे करावं लागतं, बिलावरही तिचंच नाव येतं, आणि आपला माणूस निष्कर्ष काढून मोकळा होतो की हॉटेल कंपनीचं. नाही. कंपनी ते चालवते. जमीन सरकारची, इमारत सरकारची, आणि उद्यानाच्या प्रवेशाचे पैसे वेगळे, तेही सरकारकडेच जातात.

थोडक्यात, अमेरिकेतली कंपनी हा भाडेकरू आहे आणि ताडोबाचं रिसॉर्ट हा शेजारी. एवढा एक फरक डोक्यात बसला की बाकीचा घोळ आपोआप सुटतो, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

भाडेकरूशी करार असतो. अमेरिकेत यासाठी 1998 चा स्वतंत्र कायदा आहे. करार साधारणपणे दहा वर्षांचा, फार तर वीस. मुदत संपली की पुन्हा स्पर्धा. आधीच्या कंपनीला नूतनीकरणात मिळणारं झुकतं मापही मोठ्या करारांपुरतं याच कायद्याने काढून घेतलं. कंपनी सरकारला जे शुल्क देते त्यातला 80 टक्के भाग त्याच उद्यानात खर्च होतो. आणि आपल्याकडे कुणाला पटत नाही ती गोष्ट म्हणजे खोलीचा दर कंपनी मनाला येईल तसा लावू शकत नाही. बाहेरच्या तशाच हॉटेलांशी ताडून पाहून तिथली सरकारी राष्ट्रीय उद्यान सेवा तो मंजूर करते. दर तरीही महागच असतात, पण कुणीतरी त्यावर सही केलेली असते.

भाडेकरू त्रास देत नाही असं मात्र नाही. योसेमिटी या अमेरिकेतल्याच दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानात 1993 पासून डेलावेअर नॉर्थ ही कंपनी हॉटेलं चालवत होती. नवा करार अरामार्क या दुसऱ्या कंपनीला गेला, तेव्हा जुनी कंपनी म्हणाली, हॉटेलांची नावं आमच्या मालकीची आहेत, पैसे टाका. 1927 पासूनचं अवानी हॉटेल त्यामुळे मार्च 2016 मध्ये रातोरात 'मॅजेस्टिक योसेमिटी हॉटेल' झालं. 2019 मध्ये 1 कोटी 20 लाख डॉलरवर तडजोड झाली, तेव्हा जुनी पाटी परत लागली. सरकारी मालमत्तेचं नाव खाजगी ट्रेडमार्क होईपर्यंत सगळे झोपले होते, हे त्या व्यवस्थेचं खरं अपयश. तरीही कंपनीला बाहेर जावंच लागलं.

शेजाऱ्याला कुठे पाठवणार? मोहर्लीजवळच्या रिसॉर्टने रात्री लॉनवर डीजे लावला (लावतात, आणि पाहुणे पुण्याचेच असतात), तर वनखात्याला रद्द करायला करारच नाही. खोलीचा दर काय असावा हे सांगायचाही अधिकार नाही. हाताशी काय, तर ध्वनिप्रदूषणाचे नियम आणि व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या संवेदनक्षेत्राची बंधनं. उलट बाजूने पाहिलं तर शेजाऱ्याचाही गेटवर काडीचा अधिकार नाही. परमिट वनखात्याचं, गाईड आसपासच्या गावातला, सफारीचे दर खात्याने ठरवलेले. जंगल 'घेतलंय' म्हणणाऱ्यांनी पहाटे गेटवर त्याच रिसॉर्टचा मॅनेजर रांगेत कसा उभा असतो ते पाहावं.

म्हणून 'ताडोबा पण कंपनीला चालवायला द्या' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, म्हणजे नक्की काय द्यायचं? गेटबाहेरची राहण्याची बहुतेक सोय आधीच खाजगी आहे. उरतं ते कोअरमध्ये हॉटेल. येलोस्टोन जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटर पसरलंय आणि ओल्ड फेथफुल इनमध्ये तीनशेहून जास्त खोल्या आहेत. ताडोबाचा कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटर. त्यात मला एकही नवी खोली नको, भाडेकरूचीही नको आणि सरकारचीही नको. आत राहायचीच हौस असेल तर कॉर्बेटला ढिकालाचं वनविश्रामगृह आहे, वनखात्याचंच, तिथे रांगेत उभं राहा.

किरकोळ घोळही आहेत. एमटीडीसी, म्हणजे राज्याचं पर्यटन महामंडळ, हे वनखातं नव्हे. मोहर्लीत एमटीडीसीची खोली मिळाली म्हणजे सफारी मिळाली असं होत नाही. बफरची सफारी वाईट नसते, पण कोअरच्या भावात घेऊ नका.

पॅकेज घेताना मात्र खोली आणि सफारीचे आकडे वेगवेगळे मागा. परमिट कुणाच्या नावावर, कोणत्या गेटचं, कोअर की बफर, हे पैसे भरायच्या आधी लेखी घ्या. 'काळजी करू नका सर, गेटवर आपली ओळख आहे' असं उत्तर आलं, तर दुसरं रिसॉर्ट बघा.