शिंपल्यांचा चुना आणि उष्णतेचा हिशेब

गोव्यातल्या जुन्या घरांच्या जांभ्या चिऱ्यांवर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा असे. शिंपले भट्टीत भाजायचे, निघालेला कळीचा चुना पाण्यात विझवायचा. पाणी पडताच चुना फुगतो, फुटतो आणि पाण्याला उकळी येते. जवळ विस्तव नसताना ही उष्णता येते कुठून, हा प्रश्न रसायनशास्त्राला फार जुना.

भाजताना अग्नीचा अंश चुन्यात शिरतो, असा युरोपात समज होता. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७५६ मध्ये तो खोडला. चुनखडी तापवली की तिच्यातून एक वायू निघून जातो, हे त्याने वजनं करून दाखवलं. तो वायू म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड. पुढे फ्रान्सच्या लव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात, किती बर्फ वितळलं यावरून उष्णता मोजली.

या हिशेबाचा खरा पाया घातला तो रसायनशास्त्रज्ञ हेसने, १८४० मध्ये, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला. सुरुवात आणि शेवट तेच असतील, तर वाट कोणतीही घ्या, उष्णतेची बेरीज बदलत नाही. मला हा नियम चुन्याइतका स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट फोडायला मोलमागे, म्हणजे सुमारे शंभर ग्रॅममागे, सुमारे १७८ किलोज्यूल लागतात. विझवताना त्यातले ६५ परत मिळतात; एक किलो शुद्ध कळीच्या चुन्यामागे साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल इतके. उरलेले ११३ भिंतीत सुटतात. तिथे चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कार्बोनेट होतो, पण इतका सावकाश की भिंतीला हात लावून काही कळत नाही.

उष्मादायी म्हणजे उष्णता सोडणारी आणि उष्माग्राही म्हणजे उष्णता शोषणारी अभिक्रिया, हा भेद रुळवला फ्रान्सच्या बर्थेलोने. आपोआप घडणारी प्रत्येक अभिक्रिया उष्णता सोडणारीच असते, असं मात्र त्याचं ठाम मत होतं, आणि ते चुकीचं ठरलं. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात आपणहून विरघळतो आणि पाणी गार करतो. अकबराच्या दरबारात पाणी थंड करायला तोच वापरत, अशी ‘आइन-इ-अकबरी’त नोंद आहे. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या गिब्जने उष्णतेच्या जोडीला एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जेचं विखुरणं, हिशेबात धरली. तापमान वाढतं तसं या विखुरण्याचं पारडं जड होतं. चुनखडीच्या बाबतीत ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसला फिरतं, म्हणून चुन्याची भट्टी लालबुंद होईपर्यंत पेटवावी लागते.