सीनायचा करार आणि मोशेची मध्यस्थी

प्राचीन पश्चिम आशियात कायदा राजाच्या नावाने निघत असे. इ.स.पू. १८व्या शतकातल्या हम्मुराबीच्या शिळेवर शमाश हा सूर्यदेव कोरला आहे, पण खाली नियम सांगतो तो बॅबिलोनचा राजा. इस्राएलच्या कायद्यामागे मात्र राजा नाही. ना राज्य, ना स्वतःची जमीन, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कुळांना तो रानात मिळाला, असे बायबलमधले ‘निर्गम’ हे पुस्तक सांगते. हा काळ अनेक अभ्यासक इ.स.पू. १३व्या शतकात धरतात. थेट पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही.

या कुळांचा पुढारी मोशे याची देव आणि लोक यांच्यातल्या मध्यस्थाची भूमिका ठरली ती लोकांच्या भीतीतून. सीनाय डोंगरावर गडगडाट आणि धूर पाहून ते मागे सरले आणि त्याला म्हणाले, तूच आमच्याशी बोल, देव बोलला तर आम्ही मरून जाऊ. पुढे त्याने देव आणि इस्राएल यांच्यातल्या कराराचे पुस्तक सर्वांसमोर वाचले, लोकांनी ‘आम्ही पाळू’ असा होकार दिला आणि मगच त्यांच्यावर कराराचे रक्त शिंपडले गेले. या होकाराला मी फार मोठे स्थान देतो.

पण मोशे केवळ वरचा निरोप खाली आणणारा नव्हता. चाळीस दिवस तो डोंगरावर असताना लोकांनी सोन्याचे वासरू केले. खाली येऊन त्याने देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या फोडल्या, अपराध्यांना कठोर शिक्षा केली आणि पुन्हा वर जाऊन देवाला विनवले: यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझे नाव पुसून टाक. मोशेचे मोठेपण मला पाट्यांपेक्षा या विनवणीत अधिक दिसते.

सलाफहादच्या पाच मुलींची हकिकतही याच वळणाची आहे. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचा वाटा का बुडावा, असे त्यांनी सर्व मंडळीपुढे विचारले. मोशेने उत्तर स्वतःच्या मनाने दिले नाही. प्रश्न देवापुढे नेला. मुलींचे म्हणणे बरोबर ठरले आणि वारसाचा नवा नियम झाला.

राजे आल्यावरही कायद्याचा मान त्यांच्या वरच राहिला. इ.स.पू. ६२२च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. ते ऐकून योशीया राजाने वस्त्रे फाडली आणि हुल्दा या संदेष्टीकडे माणसे पाठवली. हे पुस्तक म्हणजे बायबलमधले ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक किंवा त्याचा गाभा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. यहुद्यांच्या बॅबिलोनमधल्या बंदिवासानंतर एज्रा या शास्त्र्याने यरुशलेमच्या पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवले. लेवी वंशातले सेवक जमलेल्या लोकांना अर्थ समजावत होते आणि लोक रडत होते.

याच नियमशास्त्रातला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपला. तेल गाळण्याचा धंदा असूनही शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून आसपासचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.