मिठाच्या खड्यांवर उभा बर्फ

कोकणातल्या माणसाला दरड म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये दरडीखाली गाडले गेले. संततधार लागली की जमिनीला भेग पडली का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले का, हे पाहावे लागते. हिमालयात आखीव मार्ग सोडून स्की करणाऱ्यालाही उतार असाच वाचावा लागतो. मात्र तिथला धोका पुष्कळदा बर्फाच्या पोटातल्या एखाद्या कमजोर थरात असतो.

हिवाळाभर पडणारा बर्फ एकजीव होत नाही, थरांनी साचतो. जमिनीलगत तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते. वरची हवा कडाक्याची थंड आणि बर्फ उथळ असेल, तर तापमानातला फरक मीटरमागे १० अंशांच्या पुढे जातो, आणि मग खालच्या कणांतून निघालेली वाफ वर सरकून दुसऱ्या कणांवर गोठत राहते, ज्यातून कोनेदार, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात. पेणच्या मिठागरातले जाडे मीठ मुठीत घेऊन त्याचा लाडू वळून पाहावा; मूठ उघडताच ते सांडते. या स्फटिकांचेही तसेच असते. त्यांच्यावर वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाची घट्ट लादी बसली, की उतार वरून भक्कम दिसतो आणि आतून पोकळ असतो. लडाखसारख्या कोरड्या, थंड भागात असा थर सहज तयार होतो आणि आठवडेच्या आठवडे टिकतो.

लादी सुटून होणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणून कोन अंदाजाने न ठरवता मोजावा. मग फावड्याने खड्डा खणून ३० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असा बर्फाचा ठोकळा कापतात, एका टोकाला फावडे आडवे ठेवून त्यावर दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून आणि दहा खांद्यातून मारतात. तडा ठोकळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झरकन धावला, तर त्या उताराचा नाद सोडावा. निकाल चांगला आला तरी तो त्या एका जागेपुरताच असतो, हे मला या चाचणीपेक्षाही महत्त्वाचे वाटते.

खड्डा न खणताही खुणा मिळतात. पायाखाली बर्फ ‘धप्प’ असा दबका आवाज करून खचणे, स्कीच्या पुढे भेग पळत जाणे, शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे, यांतली एक खूणही परत फिरायला पुरेशी आहे.

फसवी खूण म्हणजे आधीच्या माणसांचे माग. लादीची जाडी सगळीकडे सारखी नसते. ती जाड असेल तिथे दहा जणांचे वजन खालच्या थरापर्यंत पोचतच नाही, आणि अकरावा जेव्हा खडकाजवळच्या पातळ जागेवरून जातो, तेव्हा तिथून निघालेला तडा वरच्या संपूर्ण उताराखालून पसरतो.