कुंडीतली हळद: बेण्यासोबतचे माहितीपत्रक

आमच्या रोपवाटिकेतून तुम्ही नेलेले बेणे सेलम जातीचे आहे. पाने रुंद, कंद जाड आणि मुदत साडेआठ ते नऊ महिन्यांची. ही मुदत आधीच सांगून ठेवतो, कारण घरची हळद बहुतेक वेळा रोगाने जात नाही, लवकर उपटल्याने वाया जाते.

पिशवीत दोन प्रकारचे कंद आहेत. गोल आणि वजनदार ते जेठे गड्डे, लांबट ती हळकुंडे. दोन्ही उगवतात, पण जेठ्या गड्ड्याचे रोप सुरुवातीपासून जोमदार असते. एकच कुंडी लावणार असाल तर तोच घ्या.

अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागवड उरका. कुंडी किंवा ग्रो बॅग निदान 12 इंच खोल हवी आणि खोलीपेक्षा रुंद असली तर उत्तम, कारण हळद आडवी पसरते. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू घ्या. नुसती काळी माती नको, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते. डोळा वरच्या बाजूला ठेवून कंद दोन इंच खोल लावा आणि कुंडी काठापर्यंत न भरता वरची तीन-चार इंच जागा रिकामी सोडा. ती पुढे लागेल. कोंब वर यायला तीन ते चार आठवडे लागतात. तेवढ्यात माती उकरून पाहू नका.

दिवसातून चार-पाच तास ऊन मिळाले तरी हळद छान येते, म्हणून आम्ही ती गॅलरीसाठीही आवर्जून सुचवतो. कुंडीखाली विटा ठेवा, म्हणजे भोके बुजणार नाहीत.

श्रावणापर्यंत पाने चांगली मोठी होतात. नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी ती खुशाल काढा, पण प्रत्येक फुटव्याचे बाहेरचे एकच पान घ्या. कंद पोसायचे काम पानांचेच आहे. कोकणात आणि गोव्यात ज्यांच्या परसात हळद असते, त्यांना या दिवसांत पानांसाठी बाजार गाठावा लागत नाही. ताज्या पानात वाफवलेल्या पातोळीचा वास दुसऱ्या कशानेही येत नाही.

आता भरणीबद्दल. अडीच-तीन महिन्यांनी बुंध्याजवळ कंद उघडे दिसू लागतात. लावताना सोडलेल्या जागेत माती आणि शेणखत भरून ते झाका, महिनाभराने पुन्हा पाहा. उघड्या कंदावर कंदमाशी अंडी घालते, अळ्या आत शिरतात आणि त्या वाटेने कंदकुजही येते. इतर सगळे जमले नाही तरी चालेल, ही भरणी चुकवू नका.

दर डिसेंबरात आम्हाला फोन येतात: पाने पिवळी पडली, औषध सांगा. त्या वेळी बुंधा दाबून पाहा. बुंधा घट्ट असेल आणि पाने शेंड्याकडून वाळत येत असतील, तर हळद पक्व होते आहे. औषध नको, पाणी कमी करा. हेच पिवळेपण ऑगस्ट-सप्टेंबरात आले, बुंधा मऊ लागला आणि फुटवा ओढताच हातात आला, तर ती कंदकुज आहे. तो कंद मातीसकट काढून टाका, पाणी थांबवा आणि कुंडीतला निचरा सुधारा.

काढणी जानेवारी-फेब्रुवारीत, पाला पूर्ण वाळल्यावर. त्याआधी पंधरा दिवस पाणी बंद ठेवा. कुंडी आडवी करून माती हाताने मोकळी करा. खुरप्याने कंद कापला जातो आणि कापलेला कंद टिकत नाही. चांगल्या कुंडीत पाव ते अर्धा किलो ओली हळद मिळते. लोणच्याला ती तशीच वापरा, आमच्या मते घरच्या हळदीचा सर्वांत चांगला उपयोग हाच.

पूड करायची असेल तर गड्डे आणि हळकुंडे वेगळी उकडा, जाडी वेगळी असल्याने एकत्र शिजत नाहीत. पाऊण तास ते तासभर, काडी सहज आत जाईपर्यंत. मग स्वच्छ कापडावर बारा ते पंधरा दिवस उन्हात वाळवा. मोडताना खट्‌ आवाज आला की वाळली समजा. वजन बरेच उतरते: एक किलो ओल्या हळदीची साधारण 200 ग्रॅम सुकी होते.

दळायला टाकण्याआधी पुढच्या वर्षासाठी निरोगी, ठसठशीत गड्डे बाजूला काढा. ते उकडायचे नाहीत, धुवायचेही नाहीत. सावलीत, हवेशीर जागी हळदीच्याच वाळलेल्या पाल्याखाली झाकून ठेवा. एप्रिलअखेर डोळे फुगू लागले की कुंड्या भरायला घ्या. माती मात्र नवी घ्या. जुन्या मातीत मिरची किंवा पालेभाजी लावा, आले-हळद नको.